पांढऱ्या भांड्याचं खरं नाव

मी कमोड बोलतोय. नाक दाबू नका. ही गोष्ट घडली तेव्हा मी कोरा करकरीत होतो, तुमच्या घरातल्या चहाच्या कपाइतका स्वच्छ. कपापेक्षा जास्तच म्हणा, कारण कपाला निदान कुणीतरी तोंड लावलेलं असतं.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यातला. चिनी माती कालवली, साच्यात ओतली, वाळवली, वर चकाकीचा लेप दिला आणि भट्टीत घातली. बाहेर आलो तो पांढरा शुभ्र. तिथल्या माणसांना माझं काडीचंही अप्रूप नव्हतं. आमच्या रांगाच्या रांगा उभ्या असत आणि दुपारच्या सुट्टीत कामगार आमच्यावर बसून बिड्या ओढत. मी काय आहे हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे माझ्याकडे कुणी बघतच नसे.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात मला पेंढ्यात गुंडाळून खोक्यात घातलं आणि नांदेडकडे कुणा साहेबाच्या नव्या बंगल्यासाठी ट्रकने धाडलं. घनसावंगीच्या अलीकडे एका ओढ्यात ट्रकचा पाटा मोडला. माल उतरवून काठावर रचला. दुरुस्ती झाल्यावर ड्रायव्हर आणि क्लीनर एकमेकांना शिव्या देत माल परत भरायला लागले आणि त्या गडबडीत मी बाभळीआड राहून गेलो. ट्रक गेला तो गेलाच.

शेत जवळच्याच गावातल्या कारभारींचं होतं. माणूस सरळ. ट्रकवाला परत येईल म्हणून त्यांनी बरीच वाट पाहिली, रस्त्यावर चौकशी केली, मग खोकं बैलगाडीत घालून घरी आणलं. आणि एका सकाळी अंगणात ते फोडलं. अर्धा गाव गोळा झाला होता.

मी उन्हात चमकलो. माणसं आणखी जवळ सरकली.

"गव्हाण हाय," कारभारी म्हणाले. "साहेबलोकांच्या घोड्याची."

"घोड्याला एवढं गुळगुळीत कशाला लागतंय?" त्यांची बायको सोनूबाई म्हणाली. तिने माझ्या काठावरून हात फिरवला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मायेने हात फिरवला होता, म्हणून तो अजून लक्षात आहे.

शेजारच्या द्वारकाबाईला माझ्यात मान वाकवून बसलेलं बदक दिसलं. खाली निमुळता, वर पसरट. ती म्हणाली, शोभेची वस्तू असणार. धर्मराज सुतार मात्र माझ्याभोवती फिरला, एक डोळा मिटून बघितलं, वितीने उंची मोजली.

"ही बसायची वस्तू हाय," तो म्हणाला. "उंची बराबर खुर्चीची हाय. फकस्त मधलं फळकूट बसवायचं राहून गेलंय."

लोक खो खो हसले. "धर्मराज, तुला हंडा दाखवला तरी त्यात स्टूलच दिसंल!"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, तो अगदी जवळ पोहोचलाय! पण देवाने कमोडाला तोंड भलं मोठं दिलं आणि आवाज मात्र पाण्याचाच दिला.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. डोळे सगळ्यांना सारखेच होते, ऊनही सगळ्यांवर तेच पडलं होतं. पण धर्मराजाच्या डोळ्यांत आधीपासूनच खुर्च्या बसल्या होत्या आणि कारभारींच्या डोळ्यांत जनावरं. माझ्याकडे बघायच्या आधीच ते बघून मोकळे झाले होते.

शेवटी सोनूबाईला जे दिसलं तेच ठरलं. उषाचं, म्हणजे तिच्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न वैशाखात होतं. सोयरीक आष्टीच्या रामरावांकडची. ती माणसं हौशी, प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी. सोनूबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "यात गुलाबाचं शरबत ठेवलं तर? पांढऱ्यात लाल किती खुलून दिसंल!"

बस्स. त्या दिवसापासून मी शरबताचं भांडं झालो.

धर्मराजाने माझ्या मागच्या तोंडात लाकडी बूच ठोकलं आणि वर लाख ओतली. बुडाला चौरंग केला. सोनूबाई मला रोज राखेने घासायची, चिंचेच्या पाण्याने धुवायची आणि लुगड्याच्या पदराने पुसून ओसरीवर मांडायची. मला स्वतःला काय वाटायचं म्हणता? मला ठाऊक होतं मी कशासाठी आहे. पण इतकी सेवा होत असताना कोण कशाला तक्रार करील?

ओसरीवरून मला घरात येणारं-जाणारं सगळं दिसायचं. लग्नाच्या चोळ्या शिवायला मालनबाई यायच्या. गावच्या शाळेतले अप्पाराव गुरुजी, त्यांची ही बायको. घर बौद्धांचं. मालनबाईंचा हात मशीनवर असा चालायचा की सोनूबाई काम सोडून बघत बसायची. दोघींच्या गप्पाही भरपूर. पण मालनबाई ओसरीच्या खालच्या पायरीवर बसायच्या, माझ्याकडे पाठ करून, आणि त्यांचा चहा बाहेरच्या कोनाड्यातल्या कपात यायचा. पाणी मागितलं तर सोनूबाई वरून धार धरायची, ओंजळीत.

तो कप माझ्या जातीचाच, चिनी मातीचा, पांढरा. आतल्या कपांसारखाच दिसणारा, एकाच दुकानातून आणलेला. मी पुष्कळ निरखून पाहिलं, मला फरक सापडला नाही. सोनूबाईला मात्र तो लांबूनसुद्धा ओळखू यायचा.

लग्नाचा दिवस उजाडला. जालन्याहून भुशात गुंडाळून बर्फाची लादी आणली होती. मला मांडवात कनातीजवळ, सगळ्यांना दिसेल असं चौरंगावर बसवलं. काठाखाली माझ्या अंगची जी भोकं आहेत, त्यांत झेंडूची फुलं खोवली. मागे जिथे टाकीचा नळ जोडायचा असतो, त्या भोकात उदबत्त्या लावल्या. मग लालभडक शरबत फुलांच्या जरा खालपर्यंत ओतलं, वर बर्फ आणि सब्जा. खरं सांगतो, मी सुंदर दिसत होतो.

वऱ्हाड आलं. रामरावांनी पहिला गिलास घेतला, दुसरा घेतला, मिशा पुसल्या.

"वा! कारभारी, असं भांडं आमच्या आष्टीत कुणाकडं न्हाई. कुठून आणलं?"

"बाहेरून आलंय," कारभारी म्हणाले. हे अगदी खरं होतं.

लोक रांग लावून पीत होते. द्वारकाबाई तर गिलास रिकामा करून परत रांगेत शिरली.

गुरुजी आणि मालनबाईंना आमंत्रण होतं. उषाला अक्षरओळख गुरुजींनीच करून दिली होती. त्यांची बसायची सोय मांडवाबाहेर, लिंबाखाली. शरबत कालवल्यावर माझ्यात ओतायच्या आधीच त्यांच्यासाठी एका कळशीत वेगळं काढून ठेवलं होतं. विटाळ नको म्हणून.

गुरुजींनी तिथून मांडवात नजर टाकली आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. औरंगाबादला शिकत असताना ते एका इंजिनिअरच्या बंगल्यात मुलांची शिकवणी घ्यायचे. तिथे त्यांनी माझे भाऊबंद पाहिले होते. त्यांचा चेहरा आधी पडला, मग फुगला, मग लाल झाला.

"काय झालं हो?" मालनबाईंनी विचारलं.

गुरुजी त्यांच्या कानाशी लागले. मालनबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्यांचे खांदे गदगद हलायला लागले.

"गप बसा," त्या कशाबशा म्हणाल्या. "लोक बघून राह्यले."

"मी कुठं काय करतोय? मी शरबत पिऊन राह्यलो." गुरुजींनी कळशीतला आणखी एक पेला भरून घेतला. "आपलं बिलकुल स्वच्छ हाय. व्यवस्था चोख ठेवलीय ह्यांनी."

तिथेच सगळं निभावलं असतं. पण नवरदेवाचे मामा अण्णासाहेब हैदराबादेहून येणार होते आणि त्यांची गाडी उशिरा पोहोचली. ते घाम पुसत मांडवात आले, कुणीतरी हातात गिलास दिला, त्यांनी तो ओठाला लावला आणि गिलासाच्या काठावरून त्यांची माझी नजरानजर झाली.

"अरे बेवकूफांनो!" अण्णासाहेब गरजले. "ये तो संडास है!"

शरबत तेच होतं. बर्फ तोच, सब्जा तोच, झेंडूही तोच. फक्त हवेत एक शब्द सुटला होता. त्या एका शब्दाने मांडवामागे ओकाऱ्यांची रांग लागली. ज्यांनी तीन-तीन गिलास रिचवले होते ते ओकले, ज्यांनी एकही घेतला नव्हता तेही ओकले. द्वारकाबाई म्हणाली की तिला पहिल्या घोटालाच वास आल्ता. वास! मी शपथेवर सांगतो, गुलाबाशिवाय माझ्यात काही नव्हतं.

"आमची इज्जत काढली!" रामराव कडाडले. "वऱ्हाडाला संडासातलं पाजलं! गाड्या जुंपा. न्हाई करायचं हे लगीन!"

आत मुंडावळ्या बांधलेली उषा उभी होती, तिला सगळं ऐकू जात होतं. ती रडली नाही. ती नुसती दाराची कडी घट्ट धरून उभी राहिली.

सोनूबाईने माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस त्या डोळ्यांत मी चकाकत होतो. आता मी तिथे घाण झालो, माझ्यासमोर, माझं काही न बदलता. तिने आपले दोन्ही हात लुगड्याला पुसले. मग एकदम वळली आणि तरातरा लिंबाकडे गेली. गुरुजींना आणि मालनबाईंना तिने मांडवाच्या कनातीआड, माझ्या अगदी पाठीशी आणलं, म्हणून पुढचं मला शब्दन् शब्द ऐकू आलं आणि कनातीच्या फटीतून दिसलंही.

"गुरुजी, तुम्ही शिकलेले. खरं काय ते सांगा."

"अण्णासाहेब बराबर बोलले, सोनूबाई. त्याला कमोड म्हणतात. पण नवंकोरं हाय. अजून कुणी बसलेलं न्हाई त्याच्यावर."

"म्हणजे घाण न्हाई?"

"कणभर न्हाई. तुम्हीच तर घासत होतात."

"मंग मला मळमळून काहून राह्यलं?"

"नावामुळं," गुरुजी म्हणाले. "सकाळी नाव दुसरं होतं."

मग मालनबाई बोलल्या. आवाज अजिबात न चढवता.

"सोनूबाई, माझ्या हाताला कधी घाण दिसली का तुम्हांला?"

"न्हाई."

"मंग पाणी वरून काहून धरता?"

पलीकडे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायला लागला होता. वऱ्हाड खरंच गाड्या जुंपत होतं. सोनूबाई कासावीस झाली. "मालनबाई, हे मंग बोलू. माझ्या लेकीचं लगीन मोडून राह्यलंय!"

"मंग बोलायला कोण थांबतंय? आत्ताच बोलायचं." मालनबाई जराही हलल्या नाहीत. "उषाचं लगीन मी बी मोडू द्यायची न्हाई, तिच्या चोळ्या मी शिवल्यात. हे त्या भांड्याला दुसरं नाव देतील, सगळे परत पितील. पण पंगतीला माझा पाट तुमच्या शेजारी पडला पाहिजे. आन ह्यांचा पुरुषांच्या पंगतीत."

गुरुजी चपापले. "म्हणजे मी खोटं बोलू?"

"रोज वर्गात सांगताच की, सगळी माणसं सारखी म्हणून. आज आणखी एक सांगा."

गुरुजींनी हनुवटी खाजवली. सोनूबाईने एकदा दाराकडे पाहिलं, लेकीकडे. मग मालनबाईंच्या हाताकडे. मला वाटलं ती देवाधर्माचं काहीतरी बोलेल, वेळ मागेल. ती एवढंच म्हणाली, "बसा माझ्या शेजारी. कोण काय म्हणतंय ते मी बघते."

गुरुजी मांडवात शिरले. शाळेत तपासणीला अधिकारी आल्यावर चालतात तसे ताठ चालत आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले.

"अण्णासाहेब, तुम्ही पाह्यलेल्याला झाकण होतं का?"

"था ना. लाकडाचं."

"ह्याला हाय?"

अण्णासाहेबांनी वाकून पाहिलं. "न्हाई."

"मागं साखळीची टाकी होती?"

"होती."

"इथं टाकी दिसते का?"

अण्णासाहेब मागे गेले. तिथे उदबत्त्या होत्या. "न्हाई दिसत," ते जरा नरमाईने म्हणाले.

"त्याला पंच बाउल म्हणतात," गुरुजींनी ठणकावून सांगितलं. "इंग्रजी मेजवानीत ह्यात शरबत ठेवतात. पंच म्हणजे आपलेच पाच. साखर, लिंबू, पाणी, मसाला, हे चार जिन्नस."

"आन पाचवा?" रामरावांनी विचारलं.

"पाचवा लग्नाच्या मांडवात सांगता येत न्हाई."

पुरुषांमध्ये खसखस पिकली. पण अण्णासाहेब अजून अडून होते. "मी बंगल्यात हेच पाह्यलंय, मोठ्या साहेबाच्या!"

गुरुजी अदबीने म्हणाले, "बंगल्यात तुम्ही कुठं गेल्ते, अण्णासाहेब? साहेबाच्या दिवाणखान्यात, का नुसतं मोरीत?"

सगळा मांडव अण्णासाहेबांकडे बघायला लागला. हैदराबादेहून आलेल्या माणसाची पंचाईत झाली. त्यांनी टोपी सारखी केली, माझ्याभोवती एक फेरी मारली.

"दिवाणखान्यात!" ते म्हणाले. "मोरीत कशाला जातो मी? हां, हां. पंच बाउल. अब याद आया. लांबून दोन्ही जरा सारखेच दिसतात."

आणि काय सांगू, मी परत भांडं झालो! समोरच्या डोळ्यांत मी बदलताना मला दिसत होतो, एकेका माणसाच्या, भराभर, जत्रेतले दिवे लागावेत तसा. रामरावांनी ओगराळं स्वतः हातात घेतलं. द्वारकाबाई म्हणाली की शरबत फार छान, नुसतं वेलदोडा थोडा कमी पडला. बैल सोडले गेले, अक्षता पडल्या.

पंगत बसली तेव्हा रामरावांनी गुरुजींचा हात धरून त्यांना आपल्या शेजारीच ओढलं. "असा विद्वान माणूस इथं पाहिजे," ते म्हणाले. त्यांना विद्वानच दिसत होता. कुणीतरी त्यांच्या कानात कुजबुजायला वाकलं, पण तोवर रामरावांनी गुरुजींच्या पानात जिलेबी आग्रहाने आपल्या हाताने वाढली होती. आता मागे कसं फिरायचं? ते जेवत राहिले, जरा हळू.

बायकांच्या पंगतीत सोनूबाईने मालनबाईंचा पाट आपल्याला चिकटून मांडला. दोघी-तिघी उठायला लागल्या. द्वारकाबाई तर उभीच राहिली.

"जायचं तर जा," सोनूबाई पान वाढता वाढता म्हणाली. "श्रीखंड मागाहून कुणाच्या घरी धाडणार न्हाई."

द्वारकाबाई बसली. बाकीच्या बसल्या. मालनबाई शांतपणे जेवल्या. मधूनच त्यांची नजर माझ्याकडे वळायची आणि त्यांना ठसका लागायचा. सोनूबाई त्यांना पाणी द्यायची, तांब्या सरळ हातात.

पुढे गावात कुजबूज झाली, नाही असं नाही. काही घरांनी सोनूबाईकडे हळदीकुंकवाला येणं बंद केलं. पण मालनबाई आता मशीन ओसरीवर मांडू लागल्या. कोनाड्यातला कप एकदा धुऊन आतल्या कपांत ठेवला गेला. काही दिवसांनी सोनूबाई ते सगळे कप पुढ्यात घेऊन बसली, उलटेसुलटे करून बघत होती. त्यातला तो कुठला, हे तिला काही केल्या ओळखता येईना. शेवटी तिने नाद सोडला आणि चहा ओतला.

आता माझी सध्याची हकीकत सांगतो.

मागच्या साली कारभारी बैलगाडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय दुमडेना. खाली बसता येईना, त्यामुळे सकाळी रानात जायची मोठी पंचाईत झाली. माणूस कुढून कुढून निम्मा झाला. सोनूबाईने गुरुजींना गाठलं, घनसावंगीहून गवंडी बोलावला, परसात खड्डा खणला, चार पत्रे उभे केले आणि माझं बूच काढलं.

कारभारींनी मला तिथे पाहिलं आणि हातच जोडले.

"शरबताच्या भांड्यात? तुझं डोकं फिरलं का? पोरीच्या लग्नातलं भांडं हे! मला पाप लागंल!"

"अवो, ते भांडं कधी नव्हतंच."

"मी सवता प्यालोय त्यातून!"

तिने परोपरीने समजावलं, मालनबाईंनी समजावलं, गुरुजींनी तर पंच बाउलची सगळी कबुली दिली. काही उपयोग नाही. कारभारींना माझ्यात लाल शरबतच दिसत होतं, वर सब्जा तरंगत होता. अखेर सोनूबाई म्हणाली, "डोळे मिटा आन बसा." ते डोळे मिटून बसले. मग बऱ्याच वेळाने एक मोठा, समाधानाचा उसासा आला. तो दिवस मी विसरणार नाही. एवढ्या वर्षांनी कुणीतरी मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारावी, तसं वाटलं.

गेल्या दिवाळीत व्याही भेटीला आले. रामराव दोन वेळा माझ्याकडे येऊन गेले. आता मी फुलांशिवाय, ओल्या जमिनीत रोवलेला, शेजारी बादली. त्यांच्या मनात शंकासुद्धा आली नाही. हात धुऊन ते ओसरीवर टेकले; पत्र्याच्या फटीतून आणि मधल्या उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं.

"कारभारी, सोय झकास केलीत. आन हो, ते लग्नातलं पंच बाउल कुठं हाय? धाकट्याचं लगीन काढलंय. आठ दिवस द्या आम्हांला."

कारभारींना जोराचा खोकला आला. मालनबाई मशीनवरून उठून घरात पळाल्या. सोनूबाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"ते होय? ते आता रोजच्या कामाला लागलंय, पाव्हणं. मोकळं व्हायचं न्हाई."

तर वाचकहो, असं माझं आयुष्य. मला तुम्ही गव्हाण म्हणा, बदक म्हणा, इंग्रजी नाव द्या, माझी हरकत नाही. मागणं एकच आहे आणि ते अगदी साधं आहे. उठताना बादलीतलं दोन तांबे पाणी ओतत जा. तेवढं केलंत की मी जन्मभर पांढरा राहीन.